अदृश्या अजून आतच आहे

टपालाचं पाकीट फोडून चित्रकथेचा तो जुना अंक बाहेर काढला आणि बोरूकाका मोठ्याने हसले. त्या घरात कितीतरी महिन्यांत कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे स्वतःचाच आवाज ऐकून ते जरा दचकले.

मुखपृष्ठावर ‘अचाट सहा’ छाती पुढे काढून उभे होते. म्हणजे सहांपैकी पाच. पहिला कप्तान तेजस्वी. त्याचा झगा अर्ध्या अंकापर्यंत लाल, आणि छापखान्यातला लाल रंग संपल्यावर पुढे हिरवा. दुसरा दूरकान. डोंगरापलीकडे मुंगी चालली तरी त्याला ऐकू यायची, पण शेजारचा माणूस बोलला की हा हमखास विचारणार, “काय म्हणालास?” मग वजनदार, ज्याला हवं तेव्हा जड होण्यापलीकडे काहीही येत नव्हतं, म्हणून लेखक दर अंकात त्याला कुणाच्या तरी अंगावर बसवायचा. वावटळ नावाची बाई गरगर फिरून शत्रूला उडवायची आणि मग तिलाच भोवळ यायची. जुळा संकटात एकाचे दोन व्हायचा, आणि ते दोघंही सारखेच भित्रे.

सहावी अदृश्या. ती दिसत नसल्यामुळे चित्रकाराची फार लाडकी होती. तिच्या जागी तो काहीच काढायचा नाही. अक्षरं काढणाऱ्याने तिथे बोलण्याचा एक फुगा ठेवायचा, त्याचं शेपूट मोकळ्या जागेकडे वळवायचं, की झाली अदृश्या तयार.

ही अक्षरं काढणारे म्हणजे बोरूकाका. साऱ्या छापखान्यात त्यांना बोरू म्हणत, खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. छापखाना बंद पडून जमाना झाला, पण दौत आणि टाक त्यांच्या टेबलावर अजून तसेच होते. हा अंक पाठवला होता एका तरुण संपादिकेने. तिला जुन्या अंकांचा संग्रह काढायचा होता. नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं, कारण ह्या अंकाची मूळ पानं हरवलेली आणि छापील प्रतींतली अक्षरं फिकी पडलेली.

“काका, अक्षरं तुम्हीच परत काढून द्या,” ती फोनवर म्हणाली. “कॉम्प्युटरवर होईल, पण त्यात जीव नाही राहणार. मात्र जसंच्या तसं हवं हं.” मग तिने आवाज खाली आणला. “काकूंचं कळलं मला. फार वाईट वाटलं.”

“हं,” एवढंच बोरूकाका म्हणाले होते.

काकूही त्याच छापखान्यातल्या, बांधणी खात्यात पानांना घड्या घालणाऱ्या. अचाट सहांच्या लेखकाला सगळे पल्लेदार म्हणत, कारण त्याचं वाक्य एकदा सुटलं की थांबायचं नाव घेत नसे. अदृश्येच्या तोंडी तो “हे वीरांनो, आता विलंब करणे सर्वथा अनुचित होय” असली भाषा घालायचा. ती फुग्यात मावणार कशी? मग बोरूकाका गुपचूप कात्री लावायचे आणि पलीकडून बांधणीतल्या मुलीचं जे बोलणं कानावर यायचं तेच लिहून टाकायचे. “हं, चला आता, आवरा.” “मी आहे की.” “त्यात काय एवढं.” पल्लेदाराला याची सुतराम कल्पना नव्हती. बांधणीतल्या मुलीला मात्र पहिल्याच अंकात कळलं. ती छापील पान घेऊन तडक टेबलाशी आली आणि एका फुग्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे माझं आहे.”

“परत हवंय?” बोरूंनी विचारलं.

“नको, असू दे तुमच्याकडेच,” ती म्हणाली, आणि त्यांचं लग्न झालं.

पुढे आयुष्यभर तिने स्वयंपाकघरातून हाक मारली की हे बाहेरून म्हणायचे, “अदृश्या बोलली!” विनोद काही फार थोर नव्हता, पण संसारात तसले विनोदच टिकतात.

आताही झग्याचा रंग बदललेला पाहून ते स्वयंपाकघराकडे वळले आणि म्हणाले, “अगं, हे बघ—” तिथे अर्थातच कुणी नव्हतं. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. चष्मा पुसून काकांनी अंक पुढे वाचायला घेतला.

ह्या अंकात सहाही वीर पाताळकोठीत उतरतात. तिथे खोडासुर राहतो. तो ज्याला हात लावेल ते खोडून टाकतो, की खाली उरतो नुसता कोरा कागद. इथेही चित्रकाराने हात राखून काम केलं होतं, खोडासुर म्हणजे पानावर सोडलेली पांढरी जागा. नायिका दिसत नाही, खलनायक कोरा, आणि चित्रकाराला मात्र पगार पूर्ण! तर शेवटी खोडासुराला आतल्या दालनात कोंडतात, पण दाराला कडी नसते. कुणीतरी आत राहून दाराला पाठ लावायला हवी. अदृश्या म्हणते, “तुम्ही व्हा पुढे. मी धरते दार.” त्यावर कप्तान बजावतो, “आम्ही हाक मारू तेव्हाच सोड!” पुढच्या चौकटीत बंद दार आणि अंधार. मग कोठी कोसळते, वीर बाहेर पडतात, सूर्य उगवतो, वजनदार कुणावर तरी बसतो, समाप्त.

बोरूकाकांनी पान उलटलं, परत मागे घेतलं, पुन्हा उलटलं. तिला कुणी हाक मारलीच नव्हती.

ते अंक घेऊन चपला अडकवून निघाले ते थेट पल्लेदाराकडे. घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत पल्लेदार राहायचा. आता म्हातारा झाला होता, पण वाक्यं तेवढीच लांब.

“शक्यच नाही,” पल्लेदार म्हणाला. “शेवटच्या चौकटीत सहा जण आहेत, मी स्वतः डोळ्यांत तेल घालून मोजायचो, तुझा माझ्यावर विश्वास नसला तरी स्वतःच्या डोळ्यांवर असेल तर मोज.”

मोजले. सहाच होते.

“ह्यात दोन जुळे आहेत,” बोरूकाका म्हणाले. “तो घाबरून एकाचे दोन झालाय. आणि अदृश्या चित्रात दिसेल कशी?”

पल्लेदाराने तोंडात बोट घातलं. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. साऱ्या छापखान्याने सहा डोकी मोजली आणि अंक छापून मोकळा झाला!

“पण त्यानंतरही अंक निघाले ना रे, बंद पडेपर्यंत?” हसू ओसरल्यावर पल्लेदाराने विचारलं. “त्यांत ती बोलली का?”

“तू तिला वाक्यं दिलीस का?”

“नसतील दिली. मग तूही कसं नाही विचारलंस?”

बोरूकाकांनी हिशेब लावला. तो अंक त्यांच्या लग्नाच्या सुमाराचा होता. ती घरी आली होती, दिवसभर घरात बोलत होती. फुग्यातली आठवायची कशाला?

“म्हणजे अजून आतच आहे की बिचारी,” पल्लेदार म्हणाला, आणि ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी अंकावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि टाक शाईत बुडवला. बंद दाराच्या चौकटीपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. काल तिथे नुसता अंधार होता. आता कोपऱ्यात एक लहानसा फुगा होता, आणि त्यात दोन शब्द: “गेलात सगळे?”

अक्षर त्यांचंच होतं. ‘ळ’ची गाठ ते काढायचे तशीच डावीकडे झुकलेली.

काल नजरेतून सुटला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि खात्री करायला संपादिकेला फोन लावला. तिच्याजवळ दुसरी प्रत होती. “त्या चौकटीत काय आहे गं?”

“काळं,” ती म्हणाली. “नुसतं काळं. का हो काका?”

“काही नाही,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, तरी काकांनी उठून दिवा लावला.

दर सकाळी फुग्यातले शब्द बदललेले असायचे. “इथे थंडी आहे.” मग “हाक ऐकू येईल ना मला?” मग एके दिवशी, “दार फार जड आहे हो.” तो ‘हो’ वाचून काका खुर्चीतून उठले. अदृश्या संघातल्या कुणालाच ‘हो’ लावून बोलायची नाही. तसं बोलणारी जगात एकच होती.

घरात मागे एक खोली होती. काकू आजारात तिथेच होत्या, तिथेच गेल्या. त्या खोलीचं दार पहिल्यापासून नाठाळ; कडी बसत नसे, लोटलं तरी आपोआप उघडायचं, म्हणून ते बंद ठेवायला काकू त्याला आतून स्टूल लावून ठेवायच्या. ती गेल्यावर काकांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, पण येता-जाता उघड्या फटीतून पलंगाचा पाय तेवढा दिसायचा. आता ते दार गच्च बंद होतं. स्टूल तर बाहेरच होतं. काकांनी दारावर तळवा ठेवून हलकेच दाबलं. ते बोटभर आत गेलं आणि मग सावकाश, आतून कुणी पाठ टेकवावी तसं, परत जागेवर आलं.

काकांची पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली त्यांना आनंदही झाला होता, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मग त्यांचा नेम झाला. सकाळी उठलं की आधी अंक. चहा नंतर. फुग्यात काय आहे ते वाचायचं, मागच्या दाराशी स्टूल ओढून बसायचं आणि उत्तर द्यायचं. पल्लेदाराची फजिती सांगितली, नळ गळतोय ते सांगितलं. दुसऱ्या सकाळी फुग्यात असायचं, “वायसर बदला, किती वेळा सांगितलं.” काका खूश. संपादिकेचे फोन आले की ते म्हणायचे, होतंय, होतंय. काम एका चौकटीनेही पुढे सरकत नव्हतं.

एका सकाळी फुगा नेहमीपेक्षा मोठा होता आणि अक्षरं थरथरलेली. “हात गळून गेलेत. तो रोज थोडा पुढे येतो.”

काकांनी भिंग घेतलं. चौकटीच्या एका कडेने काळोख फिका झाला होता, कुणी रबर फिरवल्यासारखा. आणि त्याच क्षणी त्यांना वाटलं की काहीतरी हरवलंय. काय ते शोधायला बराच वेळ लागला. ती गुणगुणायची ते गाणं. चाल गेली, शब्द गेले, ती कुठलंसं गाणं गुणगुणायची एवढंच उरलं होतं.

त्यांनी दारापाशी जाऊन विचारलं, “तो कुणाला खोडतोय गं?”

उत्तराला दुसरी सकाळ उजाडावी लागली. “मलाच. तुमच्यातली मी. म्हणून तर दार धरलंय. मी सोडलं तर तो बाहेर येईल आणि मी तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही म्हणालात थांब, म्हणून थांबलेय.”

हे वाचून काका तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले. कारण ते खरंच तसं म्हणाले होते. आजार शेवटाला आला होता, तिला दुखणं सोसवत नव्हतं. तिने अगदी शांतपणे विचारलं होतं, “जाऊ का हो मी आता?” आणि काकांनी तिचा हात घट्ट धरून म्हटलं होतं, “थांब ना थोडी.” ती थांबली. डॉक्टरांना नवल वाटावं इतके दिवस, पलंगाची कड मुठीत धरून ती थांबली होती. नवऱ्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता असं नाही, चांगला रोज मोडायची. नेमका तेवढाच पाळला.

आता निवड त्यांच्या हातात होती, आणि ती नको होती. हाक मारली नाही तर ती रोज बोलेल, रोज सकाळी वाचायला मिळेल. पण पाठ दाराला लावून, थंडीत, हात गळलेले. हाक मारली तर ती सुटेल, आणि ह्यांच्याजवळ तिचं काहीही उरणार नाही. एरवी माणूस गेलं तरी त्याची आठवण आपल्यापाशी राहते, इथे तीही जाणार होती.

त्यांनी दोन दिवस अंक उघडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या आतून आवाज आला, लाकडावरून कुणाचं तरी अंग खाली घसरावं आणि पुन्हा सावरून उभं राहावं तसा. काका उठले, टेबलाशी बसले आणि टाक धुऊन घेतला.

छापखान्यात अक्षरं काढणाऱ्यांचा एक रिवाज होता. फुगा काढायचा, शब्द लिहायचे, पण शेपूट अगदी शेवटी. शेपूट नसलेलं बोलणं कुणाचंच नसतं, त्यावर खुशाल पांढरा रंग फिरवावा. एकदा शेपूट काढलं की ते बोललं गेलं. मग ते पुसायचं नाही. एकदा एका नवशिक्याने शेपटाच्या फुग्यावर पांढरा रंग फिरवला, तर बोरू दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

त्यांनी बंद दाराच्या चौकटीत एक नवा फुगा काढला आणि शब्द लिहिले: “पुरे आता. सोड ते दार, ये बाहेर.” हात इतका स्थिर तरुणपणीही नव्हता.

राहिलं शेपूट. ते कुणाकडे वळवायचं? कप्तान पुढच्या पानावर पळालेला, बाकीचेही त्याच्यामागे. चौकटीत हाक मारायला कुणीही नव्हतं. काकांनी शेपूट खाली आणलं, चौकटीची रेघ ओलांडली, समास ओलांडला आणि कागदाच्या अगदी कडेपर्यंत नेलं, जिथे त्यांची छाती टेबलाला टेकली होती.

मागचं दार करकरलं आणि उघडलं.

आधी वास आला. खळीचा, बांधणी खात्यातल्या त्या उकळलेल्या खळीचा, जो तिच्या बोटांना रविवारीही यायचा. तो त्यांच्या खुर्चीजवळून गेला, क्षणभर खांद्यापाशी थांबला. “आले,” कुणीतरी म्हणालं, थकलेल्या पण मोकळ्या आवाजात. मग बाहेरचं दार वाजलं आणि पावलं जिन्याने खाली उतरत गेली, भरभर, सुट्टी झाल्यासारखी.

काकांनी मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीतून काहीही बाहेर येत नव्हतं. फक्त खोली नेहमीपेक्षा पांढरी दिसत होती, मग उंबराही पांढरा, मग उंबऱ्याजवळची फरशी.

त्यांनी डोळे मिटले आणि घाईघाईने एकेक गोष्ट धरून ठेवायला सुरुवात केली. ती डावखुरी होती. चहा बशीत ओतून प्यायची. डाव्या भुवईवर वण होता. की उजव्या? ती चहा प्यायची. ती टेबलाशी आली आणि म्हणाली, हे माझं आहे. कुणीतरी टेबलाशी आलं होतं. हे माझं आहे, असं कुणीतरी म्हणालं होतं. काय होतं ते?

त्यांनी डोळे उघडले. उन्हं कलली होती. बरंच काम पडलं होतं, ते त्यांनी मान खाली घालून संपवलं.

पानं न्यायला संपादिका स्वतः आली. घर हवेशीर होतं, मागच्या खोलीचं दार सताड उघडं, आत दोरीवर ट्रेसिंग पेपर वाळत घातलेले. तिने टेबलाशी उभ्याउभ्याच एकेक पान पाहिलं आणि एका चौकटीशी थांबली.

“काका, हा फुगा मूळ अंकात नाही.”

बोरूकाकांनी चष्मा सारखा केला. “पुरे आता. सोड ते दार, ये बाहेर,” त्यांनी वाचलं. “नाही? पण अक्षर तर माझंच आहे.”

“आणि शेपूट पानाबाहेर चाललंय. हाक कोण मारतंय हिला?”

काका विचारात पडले. “असेल तिचं कुणीतरी.”

तिने शेवटचं पान काढलं. सहा जणांच्या शेजारी, मोकळ्या जागेत, एक छोटासा फुगा होता: “आले.” तिचा चेहरा खुलला. “बाबांच्या पेटीतले अंक मी लहानपणी वाचायचे ना, तेव्हा मला रात्री झोप यायची नाही. ती आतच राहिली म्हणून. मी हे असंच छापणार. जसंच्या तसं नसलं तरी.” पानं पिशवीत घालता घालता ती म्हणाली, “काकूंना फार आवडलं असतं.”

“कुणाच्या काकूंना?” बोरूकाकांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते अदबीने, मनापासून उत्तराची वाट पाहत होते. तिने काहीतरी पुटपुटून निरोप घेतला आणि जिना उतरून गेली.

काकांनी टाक पुसला, दौतीचं झाकण लावलं, टेबलावरचे कागदाचे तुकडे गोळा केले. “हं, चला आता, आवरा,” ते स्वतःशीच म्हणाले. वाक्य तोंडात छान बसलं. कुठून आलं कोण जाणे. ते स्वयंपाकघराकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, का ते त्यांना कळलं नाही, आणि मग जाऊन त्यांनी एकट्यापुरता चहा टाकला.